नारोबा तांबटाचा मोर

शके अठराशे सेहेचाळीस, माघी पौर्णिमा. थंडी सरत आली होती, हरभऱ्याचे घाटे भरले होते. त्या दिवशी भैरोबाच्या जत्रेत जे घडलं, ते आमच्या वडजाईत अजून सांगतात.

नारोबा धंद्याने तांबट. दिवसा लोकांचे हंडे घडवायचा. धंदा आटोपला की वाफेवर चालणारी यंत्रं करायचा. कामाची नव्हेत, हौसेची. झांजा वाजवणारं पितळी माकड त्याने केलं होतं. असं म्हणतात, आरतीच्या वेळी ते विस्तवाशिवायच वाजायचं.

लोक विचारत, "नारोबा, तुझं माकड दळण दळतं का?"

तो म्हणे, "तुझा कोंबडा तरी कुठं दळतो?"

मग त्याने मोर मांडला. माणसाएवढा, पितळी पिसांचा. त्याच्या पोटात मोठं भांडं हवं होतं. येसूआत्याकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, लेकीच्या रुखवतासाठी जपलेला. लग्न वैशाखात होतं.

"लग्नाच्या आत आणून देतो, आत्या."

"नाही आणलास तर तुझा मोरच मांडवात उभा करीन," आत्या म्हणाली, आणि बंब दिला.

जत्रेत देवळासमोर मोराच्या पोटाखाली विस्तव पेटवला. वाफ चढली आणि त्याने पिसारा उघडला. असं म्हणतात, रानातले मोर त्याला साद देऊ लागले. मोराच्या मानेत एक भोक होतं. जादा वाफ तिथून सूं सूं करत बाहेर जाई.

नारोबा नारळ फोडायला देवळात गेला. इकडे लोक हसू लागले, "तांबटाचं भांडं गळतंय." आमच्याकडे तांबटाला याहून मोठी शिवी नाही. मल्हारराव पाटलांचा नारोबावर जीव. त्यांना ते सोसलं नाही. त्यांनी महाप्रसादाची कणीक घेतली, गळक्या भांड्याला लावतात तशी भोकावर थापली, वरून ओला फडका आवळून बांधला. हसणं थांबलं. सूं सूंही थांबली.

नारोबा बाहेर आला. मोर गप्प होता.

"अरे, गळत होतं. मी बुजवलं," पाटील म्हणाले.

"मागं व्हा," एवढंच नारोबा बोलला. त्याने सगळ्यांना ढकललं आणि उघड्या हातांनी फडक्याची गाठ सोडू लागला.

असं म्हणतात, मोर उडाला. कळसावरून डोंगरापलीकडे गेला आणि नारोबाला घेऊन गेला. खाली त्याचं पागोटं राहिलं. दुसऱ्या कुणाला ओरखडाही आला नाही.

भोक कशाला ठेवलंय, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता. पाटील ते मरेपर्यंत म्हणत राहिले. गावात पुन्हा कुणी हौसेने काही घडवलं नाही.

आजही वडजाईत चुलीवर भांडं चढवलं की बाया झाकण जरा सरकवून ठेवतात. म्हणतात, "नारोबाला वाट." आणि गावातली कुणाचीही लेक सासरी निघाली की पाटलांच्या घरून तांब्याचा बंब जातो.

पहिला बंब मल्हाररावांनी स्वतः डोक्यावरून आणला, लग्नाच्या आत. येसूआत्याने तो पदराने पुसला आणि लेकीच्या रुखवतात मांडला. नारोबाचं देणं फिटलं.