हेमवतीचं रूप

एका राज्यात गोष्टीतली माणसं गोष्टीत राहत नसत. राजवाड्यासमोर दगडी चौथरा होता. त्यावर बसून कथेकरी माणसाचं नखशिखांत वर्णन करी, आणि वर्णन पुरं झालं की ते माणूस चौथरा उतरून नगरात नांदायला जाई. नाक सांगायचं राहिलं तर बिचारं बिननाकाचं फिरे. म्हणून राजाची ताकीद होती, रूप चोख द्यावं.

भानुराय तिथला कथेकरी. वाणी गोड, पण जीभ तिखट. एकदा त्यानं गोष्टीतल्या चोराला धूम्रकेश मांत्रिकाचं रूप दिलं, बसकं नाक आणि फेंगडे पाय. सभा पोट धरधरून हसली. धूम्रकेश सभेतच बसला होता. तो उठला आणि म्हणाला,

"आजपासून तू देशील ते रूप तुझ्या काळजातल्या माणसाचं असेल. दिलंस की तुझ्या स्मरणातून जाईल."

"उःशाप?"

"हसं व्हावं म्हणून जे रूप घडवशील, त्याच्यापुढे मनापासून मान लववशील तेव्हा."

भानुरायानं ते मनावर घेतलं नाही. काळजात माणसं पुष्कळ होती. मामा, मावश्या, बालमित्र असे एकेक खर्ची पडत गेले.

मग त्याची बायको हेमवती वारली. मागं तान्ही कुंदा राहिली. भानुरायाला वाटलं, गोष्टीतून हेमवती नगरात वावरत राहील, येता-जाता दिसेल. शाप ठाऊक असून त्यानं तिचे डोळे एका गोष्टीतल्या नावाडणीला दिले, गालावरची खळी दुसऱ्या गोष्टीतल्या धाकट्या राणीला दिली. एका चेटकिणीचं वर्णन करताना काळजात फक्त हेमवतीचा पुढं आलेला दात उरला होता. सभेला हसवायला तोही दिला. सभा हसली. दुःखानं माणूस आंधळा होतो म्हणतात, ते खोटं नाही.

कुंदा बोलती झाली आणि एके सकाळी तिनं विचारलं, "बाबा, माझी आई कशी दिसायची?"

भानुरायानं तोंड उघडलं. जन्मभर रूपं सांगणाऱ्याला एक शब्द सुचेना. लेक वाट बघत उभी राहिली आणि तो मान फिरवून रडला.

चौथऱ्याजवळच्या निंबावर एक साळुंकी राहत असे. सगळ्या गोष्टी तिला पाठ होत्या. ती म्हणाली, "हेमवती तिघींपाशी आहे. मागशील तर तुझं तुला परत मिळेल. पण जिचं रूप काढशील ती पुन्हा नुसता शब्द होईल. आणि शाप सुटला, तर दिलेलं रूप जिला दिलं तिचंच होईल, मग मागता येणार नाही."

भानुराय नदीवर गेला. नावाडीण भोवऱ्यांमधून भरली नाव आणत होती. ते भोवरे तिच्याच डोळ्यांना दिसत. भानुराय न मागता परतला.

तो धाकट्या राणीकडं गेला. राणी हसली की मांडीवरचं बाळ तिच्या खळीत बोट घालून खिदळे. तिथूनही तो न मागता परतला.

उरली चेटकीण. ती गावकुसाबाहेर झोपडीत राही. तिच्या कपाळावर दगडाची ताजी खोक होती.

"दात न्यायला आलात?" ती म्हणाली. "न्या. याच्यापायी पोरं मला दगड मारतात. असला दात मला का दिलात?"

"तो माझ्या बायकोचा होता," भानुराय म्हणाला. "हसताना ती तो पदरानं झाकायची. मी पदर ओढायचो, झाकू द्यायचो नाही. पदर आठवतो, दात आठवत नाही. पण तो मला फार आवडायचा."

"आवडायचा?"

"फार."

चेटकिणीनं कपाळावरची खोक पदरानं पुसली. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मागायला आलेले हात भानुरायानं जोडले. "बाई, चुकलं माझं. तुम्ही कुरूप नव्हता, मी तसं ठरवलं." त्यानं तिच्या पायांशी मान लववली. त्या क्षणी शाप सुटला, आणि हेमवतीचं रूप त्याच्या स्मरणातून कायमचं गेलं. हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी भानुरायानं बोलावल्यावरून तिघी त्याच्या अंगणात आल्या आणि ओळीनं बसल्या. चेटकीण आधी तोंडावर पदर धरून होती, मग तिनं तो काढला. कुंदानं नावाडणीचे डोळे पाहिले, राणीची खळी पाहिली, चेटकिणीच्या दाताला हळूच बोट लावलं. मग डोळे मिटून उभी राहिली.

"दिसली," ती म्हणाली.

भानुरायानंही तिघींकडं निरखून पाहिलं. त्याला तीन परक्या बाया दिसल्या.

शापाबरोबर चौथऱ्याची किमयाही सरली, आणि त्या दिवसापासून नव्या गोष्टीतली माणसं गोष्टीतच राहू लागली. नगराची घडी बसली, चेटकिणीवर दगड पडायचे थांबले. चौथऱ्यावर आता कुंदा बसते आणि भानुराय खाली, श्रोत्यांत.

"बाळ, दात कुठल्या बाजूचा?" तो रोज विचारतो.

"डाव्या, बाबा," ती सांगते, आणि पहिल्यापासून सांगू लागते.