तराजूची दोन दारे

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण तिथी नेमकी माहीत आहे. वैशाख वद्य त्रयोदशी. पहाटे समुद्रावर दाट धुके होते, वारा अजिबात नव्हता आणि ऊन वर येताच हवा घामट झाली. त्या सकाळी एका परक्या देशाच्या बंदरात एक म्हातारा कमरेला चाळीस ढब्बू बांधून एका प्रचंड तराजूपुढे उभा होता. मुलीजवळ राहायचे, की तिला न सांगता कायमचे मायदेशी निघून जायचे, हे त्याला त्या दिवशी ठरवायचे होते.

तो तिथे कसा आला, ते आधी सांगायला हवे.

म्हातारा आपल्या देशात राजवाड्यावर घटका मोजत असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात बारीक भोकाची वाटी तरंगत सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली असे समजायचे आणि तासाची पितळी थाळी वाजवायची. हे काम त्याने चाळीस वर्षे केले. एकही घटका चुकली नाही, म्हणून राजाने त्याला हयातभर दरमहा चाळीस ढब्बू बांधून दिले. ढब्बू म्हणजे त्या देशाचे तांब्याचे जाड नाणे.

बायको वारल्यावर म्हाताऱ्याने घर विकले आणि तो समुद्रापलीकडे आपल्या मुलीकडे गेला. मुलीचे नाव येसू. तिचा नवरा मासेमारीच्या होडीवर असे आणि ती बंदरावर खानावळ चालवी. मायदेशाहून कामाला आलेले गवंडी, सुतार, खलाशी तिच्याकडे जेवायला येत, कारण त्यांच्या गावाकडचा तांबडा भात आणि कोकमाची कढी साऱ्या बंदरात फक्त तिच्याकडे मिळे.

आता म्हाताऱ्याच्या देशात एक जुनी रीत होती. बापाने लेकीच्या घरचे फुकट खाऊ नये. रीतीला आणखी एक शेपूट होते. बापाने लेकीच्या संसारातले भाव विचारू नयेत आणि बापाने जे हातावर ठेवले ते लेकीने मोजू नये. म्हणून आल्या दिवशीच म्हाताऱ्याने येसूपुढे आठ चांदण्या ठेवल्या आणि हे आपले महिन्याचे दोन वेळचे जेवण, असे सांगून टाकले. चांदणी म्हणजे त्या परक्या देशाचे रुप्याचे नाणे. येसूला ते आवडले नाही, पण बापाचा स्वभाव तिला ठाऊक होता. तिने चांदण्या उचलल्या आणि न मोजता डब्यात टाकल्या.

म्हाताऱ्याला राजाकडून मिळत ढब्बू आणि तो देत असे चांदण्या. राजाचा बंदरावरचा माणूस पावसाळ्यातही ढब्बू वाटे, त्यामुळे दर महिन्याला त्याला तराजूवर जावे लागे.

तो तराजू पाहायला लोक दुरून येत. त्याचा खांब माडाएवढा उंच होता आणि पारडी होड्यांएवढी मोठी. एका पारड्यात ढब्बू पडत, दुसऱ्यात चांदण्या. मधे दगडी भिंत होती. उत्तरेच्या दाराने ढब्बू देऊन चांदण्या घेणारे येत. दक्षिणेच्या दाराने चांदण्या देऊन ढब्बू घेणारे येत. भिंतीमुळे एकमेकांना कोणी दिसत नसे. भिंतीवर उंच आकाशात फक्त काटा दिसे, आणि तो ज्या आकड्यावर उभा असेल तेवढे ढब्बू त्या दिवशी एका चांदणीला द्यावे लागत.

पहिल्यांदा म्हाताऱ्याने तो काटा पाहिला तेव्हा मान दुखेपर्यंत तो वर बघत राहिला. चाळीस वर्षे त्याने वाटी बुडताना पाहिली होती, पण वाटी का बुडते ते त्याला कळत असे. हा काटा हलताना दिसे आणि हलवणारा मात्र कुठेच दिसत नसे.

म्हातारा आला तेव्हा काटा चारवर होता. चाळीस ढब्बूंना दहा चांदण्या मिळत. आठ येसूला, दोन हजामतीला आणि तंबाखूला.

पुढल्या वर्षी त्या परक्या देशात मोठमोठी जहाजे बांधायला निघाली आणि जगभरच्या व्यापाऱ्यांना चांदण्या हव्याशा झाल्या. म्हाताऱ्याच्या देशात काहीही बिघडले नव्हते. पीक चांगले होते, राजा चांगला होता, ढब्बूचे तांबे तेवढेच जाड होते. तरी काटा पाचवर आला. म्हाताऱ्याला आठ चांदण्या मिळाल्या. त्या त्याने येसूला दिल्या, तंबाखू सोडली आणि दाढी वाढू दिली. येसू म्हणाली, दाढी शोभते.

तिसऱ्या वर्षी काटा आठवर आला. हातात पाच चांदण्या आल्या. म्हाताऱ्याने त्यातल्या चार येसूला दिल्या आणि वैद्याने एकभुक्त राहायला सांगितले आहे, अशी थाप मारली. येसूने भाताचे ताट एक वेळच वाढायला सुरुवात केली. त्याच वर्षी खानावळीत गर्दी वाढली. पुढच्या पडवीत चाळीस-चाळीस माणसे बसत, वाफाळत्या भाताचे ढीग पानांवर पडत आणि मागच्या खोलीत म्हातारा पाणी पिऊन झोपण्याचा प्रयत्न करी. लेकीची भरभराट झाली याचा त्याला आनंद होता. ती का झाली, हे त्याने रीतीप्रमाणे विचारले नाही.

चौथ्या वर्षी काटा दहावर आला. चाळीस ढब्बूंना चारच चांदण्या. आणि त्या त्रयोदशीला बंदरभर कुजबूज होती की पावसाळा संपेपर्यंत काटा बारावर जाईल. तसे झाले तर एका वेळच्या जेवणालाही पुरे पडणार नव्हते.

धक्क्यावर त्या मोसमातले शेवटचे गलबत लागले होते. अमावास्येच्या भरतीला ते सुटणार आणि मग चार महिने समुद्र बंद. मायदेशी जायचे भाडे पस्तीस ढब्बू होते. तिथे म्हाताऱ्याचे घर उरले नव्हते, माणूसही उरले नव्हते. धर्मशाळेत पथारी टाकावी लागली असती आणि या वयात पुन्हा समुद्र ओलांडून लेक दिसणे शक्य नव्हते. पण तिथे चाळीस ढब्बूंत दोन वेळा जेवता आले असते.

जाण्यापूर्वी एकदा काटा बघावा, म्हणून तो उत्तरेच्या रांगेत उभा राहिला.

त्या रांगेत सगळे त्याच्यासारखेच होते. राजाच्या नेमणुकीवर जगणारे, शेताचा खंड गावाहून मागवणारे, विद्या शिकायला आलेले. सगळ्यांच्या पिशव्या दरमहा तेवढ्याच जड असत आणि परतताना दरमहा हलक्या होत.

एक म्हातारा शिपाई मागून म्हणाला, "आबा, आणखी दोन महिने थांबा. चांदणी मागाल तर काजवा ठेवतील हातावर."

"ठेवू देत," पुढची बाई म्हणाली. "निदान दिव्याचं तेल तरी वाचेल."

रांग हसली. हसून झाल्यावर सगळे पुन्हा काट्याकडे बघू लागले.

म्हाताऱ्याची पाळी आली. उंच चौरंगावर तराजूवाली बसली होती. म्हाताऱ्याने चार वर्षे मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"बाई, हा काटा ओढतं तरी कोण?"

"कोणी नाही."

"मग तो हलतो कसा?"

"तुम्ही किती टाकणार?"

"चाळीस."

"तुमचे चाळीस, त्या शिपायाचे साठ, या बाईंचे वीस. तेवढा हलतो. टाका एक आणि बघा."

म्हाताऱ्याने कमरेचा एक ढब्बू सोडून पारड्यात टाकला. होडीएवढे ते पारडे. ढब्बू त्यात पडल्याचा आवाजही आला नाही. पण वर, खांबाच्या शेंड्याजवळ, काटा केसाएवढा सरकला. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. चार वर्षे ज्याच्यापुढे तो भीत भीत उभा राहत होता, त्यात त्याचा स्वतःचा हात होता. समुद्रापलीकडचे व्यापारी, जहाजे बांधणारे सुतार, काजव्याचा विनोद करणारा शिपाई, साऱ्यांचे हात त्यात होते आणि एकाच्याही हाताला वजन जाणवत नव्हते.

"पलीकडे कोण असतं?" त्याने हळू आवाजात विचारले.

"ज्यांना ढब्बू हवेत ते."

"हे पडलेलं नाणं कोणाला हवंय?"

तराजूवाली हसली. "चार वर्षं येताय ना आबा? त्या दाराला काय कुलूप आहे? जाऊन बघून या."

म्हाताऱ्याने आपला ढब्बू परत मागून घेतला आणि भिंतीला वळसा घालून तो दक्षिणेच्या दाराशी गेला.

तिकडे जत्रा होती. तीच सकाळ, तोच काटा, पण इथे लोक त्याच्याकडे हसून बघत होते. गवंडी, सुतार, खलाशी चांदण्या घेऊन उभे होते. मायदेशी घरी पाठवायला त्यांना ढब्बू हवे होते. एक गवंडी सांगत होता की मागल्या वर्षी दहा चांदण्यांचे ऐंशी ढब्बू घरी जात, यंदा शंभर चालले आहेत. त्याचा सोबती म्हणाला, "जपून पाठव. बाप विचारेल, पोरा, घरं बांधतोस की फोडतोस?"

म्हातारा वर बघत राहिला. भिंतीच्या त्या बाजूला या काट्याने दाढ्या वाढवल्या होत्या, तंबाखू सोडवली होती. या बाजूला तोच काटा लग्ने लावत होता, कौले चढवत होता. काटा एकच होता आणि त्याला दोन्ही बाजूंची खबर नव्हती.

मग रांगेच्या मधोमध त्याला येसू दिसली. तिच्या पदरात चांदण्यांची पुरचुंडी होती.

म्हातारा खांबाआड झाला. तिने त्याला पाहिले नव्हते. धक्का शंभर पावलांवर होता आणि गलबताचा कारकून पाटावर बसून भाडे घेत होता. गुपचूप जाणे सोपे होते. जाऊन सगळे सांगणे म्हणजे वैद्याची थाप उघडी पाडणे आणि लेकीच्या दारी हात पसरल्यासारखे होणे. म्हातारा दोन पावले धक्क्याकडे गेला. मग थांबला, मागे वळला आणि त्याने हाक मारली.

"येसू."

तिने वळून पाहिले. "आबा? उन्हाचं इथं काय करताय?"

त्याने सगळे सांगितले. दहा चांदण्यांच्या चार कशा झाल्या, तंबाखू का सुटली, दाढी का वाढली, आणि वैद्य कधी नव्हताच. गलबताचेही सांगितले. येसू ऐकत गेली आणि तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला रुचेनासं झालं," ती म्हणाली. "पुढं माझ्याकडं चाळीस माणसं ढेकर देतात आणि मागं माझा बाप पाणी पिऊन झोपतो. हे मी गावात कोणाला सांगू?"

मग येसूनेच विचारले, "मी इथं कशाला आलेय, ठाऊक आहे?"

त्याने पुरचुंडीकडे पाहून मान हलवली.

"तांदळासाठी. आपल्याकडचा तांदूळ, कोकम, मिरची, सगळं त्या गलबतातून येतं. आणि गलबतवाला ढब्बूशिवाय काही घेत नाही. काटा चढला तसा मला माल स्वस्त पडत गेला, म्हणून ताट स्वस्त केलं आणि गर्दी वाढली. आता विचारा मला, एका माणसाचं महिन्याचं दोन वेळचं जेवण कितीला पडतं."

"बापानं लेकीला भाव विचारू नये."

"विचारा, आबा."

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच रीत मोडली. "किती?"

"बत्तीस ढब्बू. तुम्ही आलात तेव्हा बत्तीस, आजही बत्तीस. मासळी घरच्या होडीची."

म्हाताऱ्याला ही लेकीची माया वाटली. खात्री करायला तो धक्क्यावर गेला आणि गलबतवाल्याला त्याने एका माणसाच्या महिन्याच्या सामानाचा भाव विचारला. गलबतवाल्याने मापे काढली, बोटांवर हिशेब केला आणि बत्तीस सांगितले. चार वर्षांत एका ढब्बूनेही वाढले नाही, मायदेशी पीक चांगले आहे, असेही तो म्हणाला.

म्हातारा परत येऊन दक्षिणेच्या दाराच्या पायरीवर बसला. चार वर्षे, दर महिन्याला, एकाच घरातून दोघे निघत होते. बाप उत्तरेच्या दाराने ढब्बू टाकून चांदण्या घेत होता. लेक दक्षिणेच्या दाराने चांदण्या टाकून ढब्बू घेत होती. मधे एक भिंत होती, आणि माडाएवढा उंच, साऱ्या जगाने हलणारा तराजू होता. ज्या भातासाठी तो उपाशी राहिला, तो भात त्याच्याच देशाच्या नाण्यांनी विकत घेतलेला होता, आणि ती नाणी सगळा वेळ त्याच्या कमरेला होती. काटा चारवर असतानाही ती पुरत होती. दहावर असतानाही पुरत होती.

"तू तरी माझ्या चांदण्या मोजायच्या होत्यास," तो म्हणाला.

"बापानं दिलेलं मोजू नये, असं तुम्हीच शिकवलंत," येसू म्हणाली. "मोजलं असतं तर दुसऱ्याच वर्षी जास्तीचे परत देण्यावरून भांडले असते."

म्हाताऱ्याने कमरेची पिशवी सोडली. बत्तीस ढब्बू एकेक करून येसूच्या हातावर ठेवले. या वेळी तिने ते मोजले. उरलेले आठ त्याने परत कमरेला बांधले. एकही ढब्बू पारड्यात गेला नाही.

त्या दिवशी म्हातारा दुपारी जेवला आणि रात्रीही जेवला. सूर्यास्ताला काटा साडेदहावर होता. अमावास्येच्या भरतीला गलबत बावीस माणसे घेऊन सुटले. म्हातारा त्यात नव्हता.

तात्पर्य: परक्या मुलखात आपल्या नाण्याचा भाव पडला, तर तराजूला विचारण्याआधी घरच्या माणसाला विचारावे.