ओंजळीतला काचमासा

“…आणि एवढ्या मोठ्या दर्यात माझा एकटा केसू. वरच्याला तो दिसला तरी असेल का, बाबा?”

फकीर गफूरबाबा वहाळाच्या, गावच्या लहानशा ओढ्याच्या काठी सुई वाकवत बसले होते. मणी ओवायची बारीक सुई. दिव्यावर धरायची, लाल झाली की हळूच वाकवायची. हाच त्यांचा गळ.

त्यांनी सुई पुन्हा दिव्यावर धरली.

लखमा तांडेल उभाच राहिला. चाळीस वर्षं दर्यावर होडी नेणारा माणूस. तुफानात मुलगा केसू गेला, तेव्हापासून होडी वाळूवर उलटी पडलेली. घरात दिवा लावू देत नव्हता. आज उत्तर मिळालं नाही, तर देव्हाऱ्यातले देव खाडीत टाकीन, असं बायकोला सांगून आला होता.

बाबांनी सुईला दोरा बांधला. दोरा बांबूच्या काडीला. सुईच्या टोकाला मुंगीचं पांढरं अंडं लावलं आणि काडी तांडेलच्या हातात दिली.

“एक काचमासा धर.”

“कुठाय मासा?”

“समोर.”

तांडेलने वाकून पाहिलं. पाणी, वाळू, दोन पानं… मग वाळूवर सावल्या दिसल्या. बोटाच्या पेराएवढ्या. मासे दिसेनात, नुसत्या सावल्या.

“बाबा, मी माणसाएवढी घोळ मासळी ओढलीय. असले मासे आमच्या जाळ्यातून गळून जातात, कोण बघतोय! तळायला घेतला तर तेलाला लाज वाटेल.”

“धर तर खरा.”

तांडेल बसला. बोटाला ओढ लागायची वाट पाहू लागला.

ओढ लागलीच नाही. गळ वर घेतला, तर अंडं गायब.

दुसरं अंडं. तेही गेलं. तिसऱ्या वेळी त्याने घोळीला देतात तसा झटका दिला. सुई डोक्यावरच्या करंजाला जाऊन अडकली.

“झाडावरचे मासे नंतर धरू,” बाबा म्हणाले.

तांडेलला हसू आलं नाही. पण तो उठलाही नाही.

“हा मासा ओढत नाही,” बाबा म्हणाले. “बोटाला काही कळायचं नाही. पांढरं बघत राहा. ते दिसेनासं झालं, की तो आला. मग उचल. झटका नको.”

ऊन करंजाच्या बुंध्यावरून खाली सरकलं. अंडी संपत आली. तांडेलचा श्वास हळू झाला. पाण्यात एक पांढरा ठिपका, तेवढाच त्याला दिसत होता.

ठिपका विझला.

त्याने झोपलेल्या लेकराखालचा हात काढावा तशी काडी उचलली.

बाबांनी सुई सोडवली, मासा पाण्यासकट तांडेलच्या ओंजळीत ठेवला. “उन्हात बघ.”

तांडेलने ओंजळ वर केली.

माशातून त्याच्या तळव्याची रेघ दिसत होती. काटे दिसत होते, केसाहून बारीक. आणि कल्ल्यामागे एक लाल कण… मिटत होता, उघडत होता. मिटत होता, उघडत होता.

“बाबा… हे…”

“हं.”

“एवढ्याशाला पण काळीज…”

जाळ्यातून गळून गेलेले किती, कोण जाणे. त्या प्रत्येकात हे चालू होतं.

मग तो गुडघ्यावर बसला आणि ओंजळ अलगद पाण्यात बुडवली. बोटं उघडली. पाणी स्वच्छ होतं. हात रिकामे दिसत होते.

“गेला,” तांडेल म्हणाला. “गेला, बाबा.”

गफूरबाबांनी पाण्यात पाहिलं.

“हात हलवू नकोस. तिथंच आहे.”