मरळीची घागर

तळ्याकाठी एक मठ होता. तिथे एक वृद्ध आचार्य आपल्या एकुलत्या एक शिष्यासह राहत. तळ्यातला मासा कुणी मारायचा नाही, हा मठाचा नियम. शिवाय एक जुना रिवाज होता: वैशाखात तळे आटू लागले की त्यातले मासे घागरीत घालून नदीच्या डोहात नेऊन सोडायचे. हे काम आचार्य दरवर्षी स्वतः करीत.

त्या वर्षी मात्र ते तापाने अंथरुणाला खिळले. शिष्याने सेवा केली ती अगदी जिवापाड. रात्रंदिवस उशाशी बसून त्याने गुरूंना मरणाच्या दारातून परत आणले. ताप उतरला, पण शिष्याची धास्ती काही उतरेना. वारा लागेल म्हणून खिडकी बंद. दमतील म्हणून भेटीला आलेली माणसे दारातूनच परत. अंगणात बसतो म्हटले तरी हा हात जोडून आडवा. आता अशा माणसावर रागवायचे तरी कसे? आचार्य गप्प राहिले आणि हळूहळू त्यांचे अन्न तुटले. दोन घास खाऊन ते ताट सरकवू लागले. वाचलेले गुरू आता हातचे जाणार, या भीतीने शिष्य त्यांना अधिकच जपू लागला.

तिकडे तळ्यात नुसता चिखल उरला. बाकीचे मासे शिष्याने आधीच डोहात पोचवले होते. राहिल्या होत्या त्या मरळी, लांबट अंगाच्या आणि सापासारख्या डोक्याच्या. मठात कुणी जन्मात मासा चाखलेला नव्हता. मासा म्हणजे पाण्यात जगणारा जीव, एवढीच बिचाऱ्याची माहिती. पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून त्याने घागर काठोकाठ भरली, मरळी आत सोडल्या, झाकण लावले आणि फडक्याने करकचून बांधले. डोहावर जाऊन उघडतो तर काय, साऱ्या मेलेल्या. ऊन लागले असणार, असे त्याने ठरवले. दुसऱ्या खेपेला त्याने घागरीला ओले गोणपाट गुंडाळले. पाणी पुन्हा काठोकाठ आणि गाठ आणखी घट्ट.

निघता निघता मेलेल्या मरळी आठवून त्याला अंगणातच रडू कोसळले. ते ऐकून आचार्य भिंत धरत बाहेर आले. तो "उठू नका" म्हणेपर्यंत त्यांनी गाठ सोडली, झाकण काढले आणि निम्मे पाणी भडाभडा जमिनीवर ओतून दिले. त्याबरोबर दोन मरळीही बाहेर पडल्या. शिष्य हबकला. तापाने गुरूंचे डोके फिरले की काय, असेच त्याला वाटले. तो मासे उचलायला धावला, तर आचार्यांनी त्याचा हात धरून त्याला नुसते बघायला सांगितले. मरळी मेल्या नव्हत्या. ओल्या मातीवर अंगाला पीळ देत, वळवळत त्या तळ्याच्या दिशेने सरकत होत्या.

आचार्य म्हणाले, "मी या काठावर आयुष्यभर बसलो आहे. मरळ घडोघडी वर येते, हवेचा एक घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. अंग ओले असेल तर जमिनीवरही ती तग धरते. तिला पाणी हवेच, पण पाण्याच्या वर थोडी मोकळी जागाही हवी. तू मायेने घागर गच्च भरलीस आणि ती पाण्यातच गुदमरून मेली."

मग ते शिष्याकडे वळून म्हणाले, "तू मला वाचवलेस. हे ऋण मी रोज डोळे उघडताना आठवतो. म्हणून तर इतके दिवस बोललो नाही. पण आता मलाही थोडा श्वास घेऊ दे."

शिष्याला लाज वाटली. आपल्या सेवेचा मान राखायचा म्हणून गुरूंनी हे सारे मुकाट्याने सोसले, हे कळून कृतज्ञतेने त्याचे डोळे भरून आले. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि दोन्ही मरळी अलगद घागरीत घातल्या. वर सैलसे ओले फडके टाकून दोघे डोहाकडे निघाले. आचार्य हळूहळू चालत, मध्येच टेकत, वाटेत भेटेल त्याची विचारपूस करीत. त्यांना सावरायला शिष्याचा हात सारखा पुढे जाई आणि दर वेळी तो मागे घेई.

डोहात सोडताच मरळी झपकन खोल गेल्या. आचार्य काठावर बसले, पाण्यावरून येणारा वारा त्यांनी अंगावर घेतला आणि म्हणाले, "अरे, खायला काही आणले आहेस का? भूक लागली."

शिष्याने काहीच आणले नव्हते. तापानंतर पहिल्यांदाच गुरूंना उघड्या वाऱ्यात एकटे सोडून तो भाकरी आणायला मठाकडे धावत सुटला.