उघड्या डोळ्यांची प्रार्थना

एकदा एका वृद्ध पाळकांकडे त्यांचा तरुण शिष्य तणतणत आला. धर्मविद्यालयातून नुकताच शिकून आलेला हा शिष्य चर्चच्या तरुण संघाची शनिवारची सभा चालवीत असे. चालवीत असे म्हणायचे. प्रत्यक्षात सभाच त्याला पळवीत असे.

"सलाम, पाळकसाहेब. ही हॉलची किल्ली घ्या. मला सभा बंद करायची आहे."

"का रे?"

"का म्हणून काय विचारता? गिटारवाल्याचे आणि ढोलकीवाल्याचे पटत नाही. बायबलमधले वचन वाचायच्या आधीच सामोसे संपतात. तेही सोसले. पण प्रार्थनेत? 'प्रभू, आमच्या आईवडिलांना सांभाळ' असे मी म्हटले रे म्हटले की मागच्या बाकांवर धिंगाणा! दर शनिवारी, नेमका त्याच वाक्याला. आईबापांचीसुद्धा चाड नाही यांना. पवित्र असे काही उरलेलेच नाही."

वृद्धांनी किल्ली घेतली नाही. "येत्या शनिवारी डोळे उघडे ठेवून प्रार्थना कर. मग आण किल्ली."

शिष्य आणखीच वैतागला. म्हाताऱ्या माणसांचा वेळ जात नाही म्हणून ती कोडी घालतात, असे पुटपुटत तो निघून गेला.

शनिवारी त्याने सांगितल्याप्रमाणे केले. त्या वाक्यापाशी येताच मागच्या बाकावरच्या एका मुलीने ओढणीत तोंड खुपसले. तिची आई ईस्टरच्या आधी वारली होती. दफनाच्या वेळी वचन याच शिष्याने वाचले होते. मुलीला हुंदका आवरेना. शेजारच्या मैत्रिणीने तिच्याकडे पाहिले आणि हातातली खंजिरी फरशीवर टाकली. गिटारवाला खोकत सुटला. ढोलकीवाल्याने बाक खरडत ओढले. त्या गदारोळात ती पोर मोकळेपणाने रडली. तिने डोळे पुसले, आणि सगळे एकदम गप्प झाले.

शिष्याने कसेबसे आमेन म्हटले आणि थेट पाळकांचे घर गाठले. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"साहेब, ते वाक्य मी गाळून टाकतो."

"मूर्खा, गाळू नकोस!" आता वृद्ध चिडले. "मी तिच्या घरी जाऊन आलोय. धाकट्या भावंडांसमोर तिला रडता येत नाही. आठवड्यात तेवढीच जागा आहे तिला. आणि तिचे रडणे कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून ही पोरे मुकाट्याने तुझी बोलणी खातात. पवित्र याहून निराळे काय असते रे? देव त्या गोंगाटात बसला होता, आणि तू डोळे गच्च मिटून त्याला हाका मारत होतास."

पुढच्या शनिवारीही सभा तितकीच असह्य होती, आणि शिष्यही तितकाच ओरडला. मग प्रार्थना सुरू झाली. ते वाक्य त्याने सावकाश म्हटले, आणि मागे कोणाच्या हातून काही पडण्याआधी स्वतःच मोठमोठ्याने खोकू लागला.