लाल टिंब आणि सटवाजीचे गाव

फार फार मागची गोष्ट. वेळ सकाळच्या पहिल्या घंटेची, ठिकाण राजाच्या ग्रंथसभेची ओसरी. एक म्हातारा शास्त्री काखेत पोथी धरून उभा होता.

राजाला नदीवर नवा बांध घालायचा होता. सभा जी पोथी मान्य करील, तिच्याप्रमाणे तो व्हायचा होता. शास्त्र्याचे गाव त्याच नदीच्या काठी, बांधाच्या खालच्या अंगाला होते. म्हणून त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, ‘बांध एक अख्खा उन्हाळा वाळू द्या, मगच पाणी अडवा.’ हे कोणी शिकवले, तेही समासात होते: ‘कोळवाडीचे सटवाजी गवंडी’.

सभापतीने फक्त समास पाहिला.

“शास्त्रीबुवा, आधी नाव, मग लाल टिंब, मग गाव. टिंब कुठाय?”

“अहो, टिंबाचं काय घेऊन बसलात? आत काय लिहिलंय ते तरी वाचा!”

“नियम तो नियम. पुढच्या वर्षी या.”

पाठोपाठ एका तरुण पंडिताची पोथी आली. तिच्यात लिहिले होते, ‘वाळवण्याची गरज नाही.’ समासात आधार म्हणून ‘भानुशर्मा’, मग डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल टिंब, मग ‘शिलाग्राम’. पोथी तिथल्या तिथे मान्य झाली. त्या सभेला टिंब दिसत होते, नदी दिसत नव्हती.

शास्त्री पायरीवर बसला. त्याला जुनी सभा आठवली. तेव्हा पोथी वाचली की कोणीतरी विचारायचेच, “हे कोणाचं?” नाव कळले की एक जण उठून त्या माणसाच्या गावी चालत जायचा. तरुणपणी तो स्वतः असाच सटवाजीकडे गेला होता. सटवाजीने अंगणात बसवून ताक दिले, त्याच्या नावावर लिहिलेले सगळे ऐकून घेतले आणि एका ओळीवर तो ओरडला, “हे मी कधी म्हटलं रे? खोड ते!” येताना झोळीत त्याच्या झाडाच्या चिंचा होत्या. लाल शाई तेव्हा कोणाकडेच नव्हती.

शास्त्री पुन्हा दारात गेला. “त्या शिलाग्रामला कोणी जाऊन आलंय का?”

सभेतले पंडित हसले. “बुवा, टिंब इतकं सुबक, मग माणूस खोटा कसा असेल?”

शास्त्र्याने घरी जाऊन गावातल्या माणसांना टेकडीवर हलवले. बांध झाला, ओला असतानाच भरला आणि फुटला. माणसे वाचली. घरे गेली, शेते गेली, सटवाजीने त्या गावात स्वतःच्या हाताने बांधलेली विहीरही गाळात गेली.

राजाने भानुशर्म्याला आणायला स्वार पाठवले. चारही दिशांना शिलाग्राम नावाचे गावच नव्हते. तरुण पंडित म्हणाला, “मी एका मान्य पोथीतून उतरवलं.” त्या पोथीवाल्याने दुसरीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसरीकडे. ते नाव पहिल्यांदा कोणी लिहिले, हे त्या राज्यात अजून कोणी सांगितलेले नाही.

म्हणून मुलांनो, आणि थोरांनोही, आधार नीट लिहिला आहे का हे तपासण्याआधी तो आधार आहे का, हे जाऊन पाहावे.