बर्फाखालचं जाळं

"माझा दादा त्या दिवशी एकटाच का गेला?"

फार जुन्या काळी, दूर उत्तरेकडे, जिथं हिवाळ्यात सरोवराचं पाणी दगडासारखं घट्ट होतं, तिथल्या एका तरुणानं हा प्रश्न साऱ्या गावाला विचारला. कोणी आपल्या पायांकडे पाहिलं, कोणी चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. 

लहानथोर श्रोत्यांनो, तुम्ही म्हणाल, पाणीच गोठलं तर मासे कसे धरायचे? त्याची रीत ऐका. बर्फाला एकमेकांपासून लांब दोन भोकं पाडायची. एका भोकातून जाळं आत सोडायचं आणि त्याचा दोर दुसऱ्या भोकातून वर घेऊन मेखेला बांधायचा. मग जाळं बर्फाखाली पडद्यासारखं उभं राहतं आणि गुबगुबीत पांढरे मासे त्यात अडकतात. जाळं काढताना एकानं या भोकाशी बसून ओढायचं, दुसऱ्यानं त्या भोकाशी बसून दोर सोडत जायचा. म्हणून त्या गावात सरोवरावर कोणी एकटं जात नसे. आणि जाळं फार दिवस पाण्यात ठेवत नसत, कारण अडकलेला मासा मरतो, कुजतो, आणि पाणी नासवतो.

या गावात दोघे भाऊ होते. थोरला लग्न झालेला, धाकटा त्याच्याच घरात राहणारा. धाकट्याला अक्षरओळख नव्हती, धीर तर मुळीच नव्हता. पण दादाच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. जाळ्यावर दोघे मिळूनच जात.

एकदा धाकटा मासे विकायला दूरच्या बाजाराला गेला. मागे थोरल्यानं जाळं सोडलं, पण ते काढायच्या दिवशी सोबतीला कोणी आलं नाही, म्हणून तो एकटाच निघाला. मध्येच हिमवादळ उठलं. या भोकाकडून त्या भोकाकडे जाताना त्याला दिशा कळेनाशी झाली. सकाळी गावकऱ्यांना तो बर्फात सापडला.

धाकटा परतला तेव्हा सगळे विधी उरकले होते. दादाचं तोंडही त्याला पाहायला मिळालं नाही.

शेजारचा म्हातारा कोळी टोपलीत मासे घेऊन आला. "घे पोरा. घरात चूल पेटू दे."

धाकट्यानं टोपली उडवून दिली. मासे अंगणभर झाले. "आज मासे आणलेत होय, काका? त्या दिवशी कुठं होतात?" मग तो दारात उभा राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बर्फाखाली दादाचं जाळं आहे. त्याच्या हातानं सोडलेलं. त्याला कोणी बोट लावलं तर ते बोट मोडून त्याच्याच हातात देईन."

कोणी बोट लावलं नाही. त्यानं स्वतःही ते काढलं नाही.

रोज सकाळी तो पहार घेऊन जाई, दोन्ही भोकांवर धरलेला बर्फ फोडी आणि एका भोकाशी दोर हातात घेऊन बसे. भोवती पांढरं मैदान, वर पांढरं आभाळ. आवाज फक्त बर्फाच्या कण्हण्याचा. मधूनच दोर थरथरे. तेवढ्यासाठीच तो बसलेला असे. दोर थरथरला की त्याला वाटे, पलीकडून दादाच खूण करतो आहे.

तो अलगद एक झटका देई आणि वाट पाही.

होता होता इतरांची जाळी रिकामी येऊ लागली. गावातले म्हणू लागले, "जिवंत माणसं उपाशी, आणि हा मेलेल्या माशांची राखण करतोय." पण तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

बोलला तो एक डोमकावळा. तो भोकाशेजारी उतरला, पाण्याचा वास घेतला आणि दोन उड्या मागे सरला.

"काय राखतोस रे?"

"दादाचं जाळं."

"राख बाबा, राख. चोरीची भीती नको. त्यातलं आता मीसुद्धा खाणार नाही, आणि मी काय काय खातो ते तुला ठाऊक आहे."

धाकट्यानं पहार उगारली. कावळा उडाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. पाठीशी लेकरू बांधलेलं, आणि ते रडत नव्हतं. भुकेलं मूल रडायचं थांबतं, तेव्हा आईला बर्फावरून एकटीनं चालायची भीती वाटत नाही.

"भावजी, जाळं काढा."

"वहिनी, हात लावून पाहा. दोर हलतो. पलीकडे कोणीतरी आहे."

तिनं दोर हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "मासा मरताना तडफडतो ना, तो हा हिसका. ते नाहीत तिकडे. मीही रोज दाराची कडी वाजली की उठते, भावजी. वारा असतो."

 धाकटा एकदम उठला आणि दोर ओढू लागला. जाळं तसूभर हललं नाही. तो पलीकडच्या भोकाकडे धावला, तिथला दोर सैल केला, परत धावत आला, पुन्हा ओढलं. इतक्या दिवसांच्या मेलेल्या माशांचा भार एकट्याला कसा पेलणार? हातांची सालं निघाली. एकट्यानं हे काम करताना दादाला किती धावावं लागलं असेल, ते त्याला तेव्हा कळलं.

तो तसाच म्हाताऱ्याच्या दारात गेला. "काका, दुसरं टोक धराल का?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "टोपली उडवलीस तेव्हा एक मासा माझ्या नाकावर बसला होता."

"हो. पाहिलं मी."

"चल. आणि ओढताना रडू नकोस, पकड सुटते."

म्हातारा पलीकडे दोर सोडत गेला, धाकटा अलीकडे ओढत गेला. जाळं वर येऊ लागलं. दुर्गंधीनं वहिनीनं पदर नाकाला लावला. शेकडो पांढरे मासे, पिठासारखे मऊ झालेले. अगदी शेवटच्या हातभर जाळ्यात मात्र थोडे जिवंत निघाले. ते त्यानं वहिनीच्या ओटीत घातले. म्हाताऱ्याला त्यातला एक दिला, तो म्हाताऱ्यानं या खेपेला जपून धरला.

त्या हिवाळ्यात मासे काही परतले नाहीत. गावानं उरल्यासुरल्या वाळल्या मासळीवर आणि एकमेकांच्या घासावर दिवस काढले. पाणी निवळलं, आणि पुढच्या हिवाळ्यात मासे आले.

पण जाळं काढलं त्या संध्याकाळी बर्फावर कुजलेल्या माशांचा ढीग तसाच होता. म्हातारा मदतीला वाकला, तेव्हा धाकटा म्हणाला, "एवढं मला करू द्या, काका." त्यानं सगळे मासे बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकाच्या गाडीवर रचले, वर जाळ्याचं पांघरूण घातलं, दोर खांद्यावर घेतला आणि गाडी ओढत तो काठापलीकडच्या उघड्या कातळाकडे निघाला. दादाला खांदा देणं राहून गेलं होतं; दादासाठी त्यानं केलेलं हे शेवटचं काम. गावातली सगळी माणसं दारं उघडून बाहेर आली आणि मुकाट्यानं त्याच्या मागून चालू लागली.

तात्पर्य: कवटाळून ठेवलेलं दुःख गेलेल्याला परत आणत नाही, मागे राहिलेल्यांचा घास मात्र काढून घेतं.